मामीसाठी एक गोल

सोमवार, २० मार्च

वन्सं,

आधी हातातलं काम बाजूला ठेवा आणि बसून घ्या. आपली चिंगी देशाच्या संघात गेली. सोळा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ, आजूबाजूच्या देशांची स्पर्धा, आणि ती भरणार तुमच्याच राजधानीत, पुढच्या महिन्यात. पेपरात यादी आली, त्यात शेवटून दुसरं नाव तिचं. तुमचे दादा गल्लीभर "शेवटून दुसरं, शेवटून दुसरं" असं सांगत सुटले होते. मी म्हटलं, अहो, नुसतं "नाव आलं" म्हणा, लोक पुढचं स्वतः वाचतील.

फोन का नाही केला म्हणून फुगून बसू नका. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी कुणालाच काही कळत नाही. पत्रात निदान दुसरीचं संपेपर्यंत गप्प बसावं लागतं. शिवाय सीमेपलीकडे जाणाऱ्या सकाळच्या बसचे ड्रायव्हर आपले आहेतच. परवा त्यांच्या पँटला चेन लावून दिली, तेव्हा पुढची सहा महिन्यांची टपाल-सेवा पक्की झाली. तुम्ही माझ्याहून लहान, तरी सासूबाईंनी लग्नानंतर लावलेली अहो-जाहोची सवय काही सुटत नाही. भांडताना ती बरी पडते.

काल जर्सी आली. सगळ्यात लहान माप, तरी आपली पोर तिच्यात हरवली. बाह्या कोपराच्या खाली, आणि चड्डी म्हणजे दोन पिशव्या. मी आयुष्यभर लोकांचे कपडे आवळले-सैलावले, लग्नाचे महागडे पोशाख उसवून पुन्हा जोडले, कधी कचरले नाही. पण छातीवर देशाचं चिन्ह असलेल्या कापडाला कात्री लावायची म्हटल्यावर मशीनसमोर नुसती बसून राहिले. शेवटी लावलीच नाही. आतून दुमडून टीप घातली. पोर वाढेल तेव्हा उसवता येईल.

चिंगी आरशासमोर उभी राहिली तेव्हा हे काचांच्या दुकानातून मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून आले, तिच्याकडे पाहिलं, आणि "काच आणायला जातो" म्हणून निघून गेले. दुकानात काच भरपूर आहे. डोळे पुसायला गेले होते.

आणि तिकडच्या संघात तुमच्या लंबूचं काय? तिच्या निवडीचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. झाली नसेल तरी सांगा, मी काही मनात आणणार नाही.

तुमची,
शिंपीण भावजय

*

गुरुवार, २३ मार्च

वहिनी,

झाली. तुझ्या चिंगीच्या चार दिवस आधीच झाली. पहिली गोलकीपर. मी मुद्दाम कळवलं नाही, कारण चिंगीचं झालं नसतं तर माझ्या पत्राने तुझ्या घरात स्मशानशांतता झाली असती, आणि दादा माझं तोंडावर अभिनंदन करून मागे दोन दिवस जेवला नसता. आता दोन्हीकडे झालं, तेव्हा मोकळेपणी फुशारकी मारते.

बातमी आली तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होते. एका आजोबांच्या छातीचा फोटो काढायचा होता. मी त्यांना म्हटलं, श्वास आत घ्या आणि धरून ठेवा. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता. मी ऐकलं, भिंतीला टेकले, दोनदा "खरंच का" विचारलं. मग काचेतून बघते तर आजोबा लालबुंद. "सोडा" म्हणायचं राहिलंच होतं. बिचारे शिस्तीचे. नंतर म्हणाले, पोरीच्या आनंदापायी माझा जीव गेला असता तरी चाललं असतं, पण पुढच्या वेळी आधी सांगा.

तुला माहीत आहे आम्ही इथे आलो तेव्हा लंबू पाळण्यात होती. तरी अजून नवीन माणूस भेटलं की "तुम्ही मूळचे कुठले" हाच पहिला प्रश्न येतो. लंबूला तो लहानपणापासून टोचतो. परवा संघाचा फोटो आला. मागच्या रांगेत मधोमध, सगळ्यांहून वीतभर उंच, पिवळ्या जर्सीत आमची पोर उभी आहे. आता विचारा म्हणावं कुठली.

आणि हे सगळं तुझ्या गल्लीत घडलं, हे मी विसरलेली नाही. दर सुट्टीत दादाने तिला रंगाच्या त्या दोन डब्यांमध्ये उभं केलं आणि चिंगीला समोर. एकीला मारायला शिकवलं, एकीला अडवायला. कुणाला कळलं नाही की तो दोन देशांचे संघ तयार करतोय. त्याला सांग, बहिणीने आठवण काढली.

तुझी नणंद

*

मंगळवार, २८ मार्च

वन्सं,

गट पाहिलेत ना? तुम्ही आणि आम्ही एकाच गटात. आठ तारखेला आमनेसामने.

घरात फाळणी झाली आहे. तुमचे दादा म्हणतात, मी मधल्या रेषेवर खुर्ची टाकून बसेन. मी म्हटलं, टीव्हीला मधली रेषा नसते, कुठल्यातरी बाजूला व्हा. तर म्हणतात, एकीला मी शिकवलं आणि दुसरीलाही मीच शिकवलं, तेव्हा कुणीही जिंकलं तरी माझंच. असा सोयीचा माणूस मी पाहिला नाही. आम्हाला यायला जमणार नाही, इथे कपड्यांचा ढीग पडलाय आणि दुकानात शाळेच्या खिडक्यांचं मोठं काम आलंय. पण टीव्हीसमोर सगळी गल्ली जमणार आहे.

आता कामाचं बोलू. लंबूला माझा निरोप द्या. म्हणावं, तू अडीच वर्षांची असताना तुझं नाक याच मामीने पुसलंय. तू जेवायला त्रास द्यायचीस तेव्हा तुझ्यामागे ताटली घेऊन सगळी गल्ली मी पालथी घातली आहे. त्या सगळ्याच्या मोबदल्यात मामीसाठी फक्त एक गोल सोड. जास्त नको, एकच. कुणाला कळणार नाही, पाय घसरला म्हण. एक सोडलास तर तुला मापाचा कोट शिवून पाठवते. दोन सोडलेस तर आत अस्तर रेशमी लावते. तिसऱ्याची मात्र गरज नाही, तेवढे चिंगी स्वतःच मारेल.

आणि वन्सं, तुम्हीही मध्ये पडू नका. कोट तुमच्याही मापाचा होऊ शकतो.

तुमची,
लाच देणारी वहिनी

*

रविवार, ९ एप्रिल

वहिनी,

काल तुम्ही तीन-शून्यने जिंकलात. अभिनंदन. चिंगीचे दोन्ही गोल सुंदर होते, खोटं बोलणार नाही.

लंबू बाकावर बसली होती, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. दादाचा फोन आला होता, ती आजारी आहे का विचारायला. मी उचलला नाही. ती आजारी नव्हती. तिला बसवलं.

सांगते, आणि चिडून सांगते, म्हणून मध्ये थांबू नकोस. स्पर्धेच्या आधी पालकांसाठी चहा होता. सगळ्या आया आपापल्या पोरींचं कौतुक सांगत होत्या. मला वाटलं, आपणही काहीतरी सांगावं. तुझं पत्र पर्समध्ये होतं. तुझ्या पत्राचं मला नेहमीच कौतुक, तुला तोंडावर सांगत नाही एवढंच. मी उभी राहिले आणि त्यांच्या भाषेत सगळं वाचून दाखवलं. नाक, ताटली, एक गोल, कोट, रेशमी अस्तर. आपल्याकडे लोक पोट धरून हसले असते. माझ्या भाषांतरात हसू कुठेतरी गळून पडलं आणि उरला तो नुसता सौदा. एक-दोघी हसल्या. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मागे संघाच्या कोचबाई उभ्या होत्या.

सामन्याच्या सकाळी त्यांनी लंबूला सांगितलं, आज दुसरी कीपर खेळेल. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण तुझ्याकडून एक जरी गोल गेला तरी लोक काय म्हणतील ते मला थांबवता येणार नाही. बाई वाईट नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.

पोर माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर रागावलेली नाही, ती म्हणते मामी अशीच लिहिते. राग माझ्यावर आहे. इतक्या वर्षांत कुणी तिला "मूळची कुठली" विचारलं की ती गोलसमोर जाऊन उभी राहायची, तेच तिचं उत्तर होतं. आता तिथूनच तिला उठवलं. पुढचे सामने ती खेळेल असं बाई म्हणतात. पण दोन्ही संघ चांगले आहेत. अंतिम सामन्यात पुन्हा तुम्हीच समोर आलात तर ती पुन्हा बाकावर बसणार.

तू काही करू शकत नाहीस हे मला माहीत आहे. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

*

मंगळवार, ११ एप्रिल

वन्सं,

पत्र वाचून मी मशीन बंद केलं आणि दिवसभर ते पुन्हा सुरू करता आलं नाही. जिभेला हाड नाही म्हणून सासूबाई मला बोलायच्या, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. त्या बरोबर होत्या. पण रडत बसण्यात अर्थ नाही. मी करू शकत नाही असं तुम्ही लिहिलंत. करून बघते. खाली लिहिते आहे ते कोचबाईंना वाचून दाखवा, आणि यावेळी हसू गळालं तरी चालेल.

बाई, मी ती कोटवाली मामी. मी ज्या पोरीला गोल सोडायला सांगितलं ती असली पोर नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच तशी थट्टा करता आली. जी खरंच सोडेल तिला कुणी असं थट्टेने सांगत नाही.

माझ्या लेकीच्या नवव्या वाढदिवसाची गोष्ट सांगते. त्या वयात ती एवढीशी होती आणि तुमची कीपर तेव्हाच झाडासारखी. आख्ख्या सुट्टीत लेकीला तिच्यावर एकही गोल करता आला नव्हता. गल्लीतल्या पोरांनी मिळून ठरवलं, आज वाढदिवस आहे, आज हिला एक गोल द्यायचा. सगळे बाजूला झाले. माझी लेक एकटी चेंडू घेऊन पुढे गेली, मारला, आणि तुमच्या कीपरने तो झेप घेऊन पकडला. लेक जमिनीवर लोळून रडली. मी बाहेर येऊन भाचीला नको नको ते बोलले. ती म्हणाली, "मामी, वाढदिवस तिचा आहे. गोल माझा आहे." त्या दिवशी ती न जेवता झोपली, पण माफी मागितली नाही. बाई, जिने रडणाऱ्या बहिणीला वाढदिवसाला गोल दिला नाही, ती परक्या मामीच्या कोटासाठी देईल का, ते तुम्हीच ठरवा.

आता पुढचं माझ्या हातचं नाही. वन्सं, मी यांना खूप अडवलं, दोन तास भांडले. ऐकत नाहीत. पेन माझ्या हातातून घेतलं. हे तुमच्या दादांचं अक्षर:

"कोचबाईंस. मी चिंगीचा बाप. आमच्या गल्लीत गोलच्या उजव्या हाताला माझं काचांचं दुकान आहे. तावदानं बाहेर उभी असतात. म्हणून मी पोरांना पेनल्टी उजवीकडे मारू दिली नाही. चिंगी आजवर प्रत्येक पेनल्टी डावीकडे मारत आली आहे. माझ्या भाचीला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. तिने तुम्हाला सांगितलं नसेल, कारण ती चुगली करणारी नाही. मी सांगतो. आता तुमच्याकडे सगळं आहे. तिला खेळवा."

पाहिलंत? स्वतःच्या लेकीचं गुपित शत्रूला. वर म्हणतात, रविवारी फोन येईल तेव्हा चिंगीलाही सांगतो की मी सांगितलंय, म्हणजे कुणाची फसवणूक नको. मी विचारलं, आणि ती हरली तर? म्हणाले, बाकावर बसलेल्या लंबूला हरवून ती जिंकलीच कुठे होती.

मला त्यांचा राग आला होता. आता लिहिताना तो तेवढा राहिलेला नाही.

*

शुक्रवार, १४ एप्रिल

वहिनी,

वाचलं. कोचबाईंच्या खोलीत, त्या, मी आणि लंबू. 

वाढदिवसाचं ऐकून बाईंनी लंबूला विचारलं, हे खरं का. लंबू म्हणाली, "ती चेंडू सरळ माझ्या पोटावर मारत होती. न अडवून करणार काय?" बाई पहिल्यांदा हसल्या. मग दादाच्या ओळी त्यांनी दोनदा वाचायला लावल्या. म्हणाल्या, असा बाप मी पाहिलेला नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही हा एकच आहे.

काल उपांत्य सामना एक-शून्यने जिंकलो. लंबूने शेवटच्या भागात असे दोन चेंडू अडवले की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. तिकडे तुम्हीही जिंकलात. तेव्हा रविवारी पुन्हा आपणच. बाईंनी आज सकाळी संघ वाचला. गोलमध्ये लंबू.

पोर माझ्याशी बोलू लागली. पहिलं वाक्य, "आई, यापुढे मामीची पत्रं घरीच वाचायची." कबूल केलं.

दादाला सांग, मी लहानपणी त्याचा पतंग फाडला होता, त्याचा राग त्याने सोडावा. मी त्याच्यावरचे सगळे सोडले आहेत.

*

गुरुवार, २० एप्रिल

वन्सं,

आधी मनापासून सांगते, लंबूचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत. कप उचलतानाचा तिचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. शिलाईच्या खोलीत सगळी गल्ली कोंबून बसली होती, आणि तिथे तुमच्या संघासाठी टाळ्या वाजवणारी मी एकटी.

तुम्ही मैदानात होतात, म्हणून इथलं सांगते. तुमचा गोल झाला तेव्हा कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली आणि चिंगी चेंडू ठेवायला पुढे आली. सगळे खूश. कुणीतरी म्हणालं, "डावीकडे, ठरलेलं." सकाळीच फोनवर चिंगीला सगळं सांगून बसलेले हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चिंगीने मारली उजवीकडे. लंबू तिथे होती, चेंडू तिच्या हाताला लागून बाहेर गेला. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. शिट्टी वाजली, तुमच्या पोरी धावल्या, आणि त्यांच्याही आधी आमची चिंगी जाऊन लंबूच्या गळ्यात पडली.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. हरलेली पोर, जिंकलेल्या कीपरच्या गळ्यात, हसते आहे.

वन्सं, आता ते सगळं इकडे आलं आहे. गल्लीतला प्रत्येकजण जाणतो की चिंगी उजवीकडे मारत नाही. मग नेमकी त्या दिवशी का मारली? बहिणीसाठी. पाव घ्यायला गेले तर पाववाला हसून म्हणाला, "घरातच राहिला म्हणायचा कप." एका गिऱ्हाईक बाईने माप देताना विचारलं, "तिने जोर नाही ना लावला?" सगळे थट्टेनेच बोलतात, आणि थट्टा कुठवर जाते हे मी शिकले आहे. खरं कारण सांगावं तर यांचं नाव येतं, की बापानेच गुपित फोडलं म्हणून पोरीला बाजू बदलावी लागली. हे म्हणाले, सांगून टाक. मी सांगत नाही. या गल्लीत यांना दुकान चालवायचं आहे.

तेही सोसलं असतं. पण पुढच्या वयोगटाच्या शिबिराची निवड व्हायची आहे, आणि निवड समितीतल्या एकांनी यांना फोनवर सांगितलं, मुलगी गुणी आहे, पण मोठ्या सामन्यात मन घट्ट आहे की नाही ते बघावं लागेल.

चिंगी आल्यापासून चेंडूला शिवलेली नाही. मला वाटलं हरल्याचं दुःख असेल. काल तिचे केस विंचरताना ती म्हणाली, "आई, मला आता आठवतच नाही. मी जोरात मारला होता का गं?" मी म्हटलं, मारला होतास, मी पाहिलं. ती म्हणाली, "तू आई आहेस." सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं की पोरीचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला आहे. तिला वाटतं, लंबू समोर दिसली म्हणून पाय आतल्या आत आखडला असेल आणि आपल्याला कळलंच नसेल.

मी काय शिवू इथे, सांगा.

तुमची वहिनी

*

शनिवार, २२ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि लंबूला दिलेला शब्द मोडायचं ठरवलं. तिला सांगून मोडते आहे. ती आधी नाही म्हणाली. मग तुझं शेवटचं पान तिला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "सांग. आणि फोटोही पाठव."

सामना संपल्यावर लंबूने डावा हातमोजा काढून फेकला. उजवा काढला नाही. कप उचलला तो डाव्या हाताने, तू म्हणतेस तो चेहरा होता ना, तो निम्मा आनंदाचा आणि निम्मा दात आवळल्याचा होता. बसमध्ये मी म्हटलं, दाखव. म्हणे, काही नाही. आईला काही नाही म्हणून सांगता येतं, एक्स-रेवाल्या आईला नाही. त्याच संध्याकाळी मी तिला माझ्याच खोलीत नेलं, माझ्याच मशीनखाली हात ठेवायला लावला, आणि माझ्याच लेकीला म्हटलं, हलू नकोस.

अनामिका मोडली आहे. मधल्या पेऱ्यात, सरळ आडवी. हाड जागेवरून सरकलंय. मी इतकी वर्षं बोटं पाहते आहे. दारात सापडलेली, हातोडीखाली आलेली, सायकलवरून पडलेली. जाड हातमोज्यातून, नुसत्या चेंडूने असं बोट मोडायला तो कसा यावा लागतो, ते मला कुणी शिकवायला नको.

तुझ्या लेकीने माझ्या लेकीचं बोट मोडलं, वहिनी. मी तो फोटो दिव्यावर लावला आणि खरं सांगते, पहिल्यांदा काळजी वाटली, आणि लगेच दुसऱ्यांदा अभिमान वाटला. त्या एवढ्याशा पायाचा. आमच्या घरातली पोर आहे ती.

लंबूने मला शपथ घातली होती की चिंगीला कळू द्यायचं नाही, तिला वाईट वाटेल. ही तिला जपत बसली आणि त्यात तिच्याच मनाचं वाटोळं होत होतं.

तिला हेही विचारलं की उजवीकडे कशी गेलीस, दादाने तर डावीकडे लिहिलं होतं. म्हणाली, "चिंगीने मारायच्या आधी डावीकडे पाहिलं. गल्लीत ती कधीच पाहायची नाही, तिला पाहायची गरजच नसायची. म्हणून कळलं की ती मला फसवतेय." ऐकलंस? चिंगी सोडायला नाही, फसवायला आली होती. पूर्ण डोकं लावून, पूर्ण पाय लावून. आणि ही पूर्ण ओळखून होती. यात कुणी कुणाला काही दिलेलं नाही.

कोचबाई प्लास्टर बघायला आल्या होत्या. मी त्यांना तुझ्याकडचं सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा मागितला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, मी त्यांच्या निवड समितीला स्वतः लिहिते. लिहिलंय. शेवटची ओळ मला वाचून दाखवली: तुम्हाला ही मुलगी नको असेल तर कृपया आम्हाला कळवा.

फिल्म बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. दोन पुठ्ठ्यांत घातली आहे. त्याला सांगितलंय, वाकवायची नाही.

तुझी नणंद

*

मंगळवार, २५ एप्रिल

वन्सं,

फिल्म पोहोचली. ड्रायव्हरसाहेबांनी ती सगळा रस्ता मांडीवर ठेवली होती.

मी तुमचं पत्र चिंगीला मोठ्याने वाचून दाखवलं, हे मध्ये मध्ये "पुन्हा वाच" म्हणत होते. ऐकून ती उठली. फिल्म घेतली, खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरली. आम्ही दोघं मागे उभे. ते मोडलेलं बोट काचेवर स्पष्ट दिसत होतं. तिने त्या आडव्या रेघेवरून स्वतःचं बोट फिरवलं. आधी रडली. "तिला किती दुखलं असेल," म्हणाली. मी जवळ घ्यायला गेले तर तिने मला हातानेच थांबवलं. अजून बघायचं होतं तिला.

मग वळून आमच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी मान वर करून पाहिलं तिने.

"आई," म्हणाली, "मी पूर्ण जोर लावला होता."

हे "काच आणायला जातो" म्हणाले नाहीत. तिथेच उभं राहून, आमच्यासमोर, मोकळेपणी रडले. मग फिल्म घेऊन गल्लीत गेले. पाववाल्यापासून सुरुवात केली. आपण काय लिहिलं होतं तेही त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, मला थांबवता आलं नाही. कोण काय म्हणालं ते मी विचारलेलं नाही. आता मला ते ऐकायचंही नाही.

समितीचं उत्तर अजून नाही. येईल तेव्हा येईल. चिंगी सकाळी लवकर उठून चेंडू घेऊन बाहेर गेली आहे. भिंतीवर तो आपटल्याचा आवाज मला इथे मशीनपाशी ऐकू येतो. वन्सं, खूप जोरात मारते हो ती.

तुमची वहिनी